नापासाचा नवस

आमच्या डॉक्टरांनी वाचलेलं वर्तमानपत्र दुसऱ्या कुणाला वाचता यायचं नाही. त्यातला प्रत्येक 'ठ' पेन्सिलीनं आतून काळा केलेला असायचा. ठ संपले की शून्यं. शून्यं संपली की जाहिरातीतल्या बाईचे डोळे. आठवडी बाजारातून खाऱ्या शेंगदाण्याची पुडी आणली आणि उलगडली, की मला लगेच कळायचं, ही रद्दी आमच्या दवाखान्यातूनच गेलीय.

"हाताला सवय पायजे, सिस्टर," ते म्हणायचे. "गोल दोन सेकंदांत भरला पायजे. तिसरा सेकंद लागला की माणूस मागं पडला."

एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरला पुढं शिकायचं असेल, म्हणजे हाडांचा, लहान मुलांचा, बाळंतपणाचा खास डॉक्टर व्हायचं असेल, तर एक एंट्रन्स द्यावी लागते. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं छापलेली. बरोबर असेल त्याचा गोल पेन्सिलीनं भरायचा. वर्षातून एकदा परीक्षा, औरंगाबादला. आमचे डॉक्टर ती दर वर्षी देत आणि दर वर्षी नापास होत. नापास म्हणजे काय, दोन-चार मार्कांनी जागा हुकायची. पण गावाला एवढं बारीक कुठं कळतंय? गाव नापासच म्हणायचं.

मी त्याच सरकारी दवाखान्यात नर्स होते. डोंगरकडा गावाच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथून आत गेल्यावर आमचं गाव. हिंगोली तेव्हा अजून जिल्हा झाली नव्हती. मी एकतीस वर्षांची. कडक इस्तरीची पांढरी साडी नेसून चिखलातून चालायची, आणि स्वतःला सिव्हिल सर्जनची थोरली बहीण समजायची. पेशंटला गोळी देताना असा चेहरा करायची, जणू ती गोळी मीच शोधून काढलीय. आज ती बाई माझ्यासमोर आली, तर आधी तिला बसवून पाणी देईन, आणि मग तिचा कान धरीन. काहून, ते पुढं येईलच.

डॉक्टर बंजारा तांड्यावरचे. त्यांच्या तांड्यातला पहिला डॉक्टर. बायको-लेकरं हिंगोलीला ठेवलेली, आणि हे एकटे दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. टोक करायला ऑपरेशनचं ब्लेड. त्याची सालपटं किडनी ट्रेमध्ये पडायची, आणि मी ओरडायची, "सर, ह्या ट्रेमध्ये मी जखमेचा कापूस ठेवते!" त्यावर ते शांतपणे म्हणत, "लाकूड जंतू न्हाई, सिस्टर."

टेबलावर गजराचं घड्याळ असायचं. पेशंटनं एका मिनिटात दुखणं सांगायचं. तेही मोकळं नाही, पर्यायांत.

"खोकला कसाय बाबा? अ, कोरडा. ब, ओला. क, रातचा. ड, वरीलपैकी सगळे."

म्हातारा डोळे मिटून विचार करायचा. "साहेब, इंजेक्शन कशात हाय?"

"कशातच न्हाई."

"मंग ड लिवा. सगळंच असू द्या."

पण हसण्यावारी नेऊ नका. हा माणूस पेशंटच्या पोटावर हात ठेवायचा तेव्हा घड्याळ पालथं करून ठेवायचा. आणि हात उचलायची घाई त्याला कधी नसायची.

त्यांची एक म्हण होती. चुकीचं उत्तर दिलं की मार्क कापतात म्हणून तयार झालेली, पण त्यांनी ती सगळ्या आयुष्याला लावून टाकली होती. "येत न्हाई तिथं पेन्सिल टेकवायची न्हाई." वरून रिपोर्टाचे छापील तक्ते यायचे. ज्याची माहिती नाही तो रकाना हे कोरा सोडत. वरच्या साहेबांचं खरमरीत पत्र यायचं, की शेजारच्या केंद्रानं सगळे रकाने भरले आहेत, आपणच का नाही? डॉक्टरांनी उत्तर लिहिलं, "शेजारच्यांना येत असेल." मी ते टपालात टाकलंच नाही. मला माझी बढती प्यारी होती.

ही परीक्षा काहून देताय, असं मी एकदा विचारलं. थोडं कुचकेपणानंच विचारलं. नांदेडला बंगला, खाली दवाखाना, वर राहणं, असं काहीतरी उत्तर मला अपेक्षित होतं. ते ब्लेड खाली ठेवून म्हणाले, "पहिल्या पोस्टिंगला कनेरगाव नाक्याच्या पलीकडं होतो. एक बाई अडली. जीपमधी वाशिमला नेऊन राहिलो होतो. सिझर करायला पायजे हे मला कळत होतं. करायचं कसं ते येत नव्हतं. तिनं माझा हात धरला. डॉक्टर असून मी तिला नुसता हात दिला, सिस्टर. वाशिम आलंच न्हाई." मग ब्लेड उचलून त्यांनी पुन्हा टोक करायला घेतलं. "बाळंतपणाची पदविका दोन वर्षांची असते. करतो आणि इथंच येतो परत."

इथंच परत येतो! मी मनातल्या मनात हसले. शिकून नांदेडला गेलेला माणूस आमच्या फाट्यावर परत उतरलेला कुणी पाहिलाय?

गावालाही तेच वाटायचं. आधीचे डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचे, आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा न काढता पेशंट बघायचे. बाकीचे सहा दिवस गावाच्या शिव्या माझ्या वाट्याला. विंचू चावलेला माणूस कळवळत मला विचारायचा, "बाई, तुमी काहून डाक्टर न्हाई झाल्या?" आता हा माणूस आला होता, जो हाक मारली की क्वार्टरमधून पेन्सिलीसकट बाहेर यायचा. असा डॉक्टर कोण सोडील? त्यामुळं दर वर्षी परीक्षेचे दिवस जवळ आले की गावाचा चेहरा उतरायचा, आणि निकाल लागला की उजळायचा. डॉक्टरांसमोर मात्र सगळे, "अरेरे साहेब, थोडक्यात गेलं."

चौथ्या वर्षी त्यांची तयारी भयंकर झाली होती. पोस्टमननं हॉल तिकीट आणलं, तेही आधी पारावर वाचून दाखवून मग दवाखान्यात आणलं. त्या मंगळवारी गोदाकाकूनं बायका गोळा केल्या. गोदाकाकू म्हणजे गावातल्या बायकांची पुढारी. विधवा, एक लेक, मंगल, ती कळमनुरीकडं दिलेली. काकूचं बोलणं असं, की सरपंचही आधी तिच्या तोंडाकडं बघून मग सभेत बोलायचा. मरीमायच्या ओट्यापुढं उभं राहून काकू म्हणाली,

"माय, आमी कुणाचं वाईट मागून न्हाई राहिलो. डाक्टरला निरोगी ठेव, त्याच्या लेकराबाळांना सुखी ठेव. नुसतं तेवढं नापास कर. पाच नारळ वाहीन."

मागून एकजण म्हणाली, "काकू, थोड्या मार्कानं म्हणा. लई नापास झाला तर मनाला लावून घेईल, जीव देईल."

"व्हय माय, थोड्याच मार्कानं," काकूनं दुरुस्ती केली.

पाचांतला एक नारळ माझा होता.

मी बौद्ध घरातली. आमच्या बापानं देव्हारा माझ्या जन्माआधीच मोडला होता. कुणापुढं हात जोडायचे नाहीत, पुस्तक उघडायचं, असं ऐकत मी वाढलेली. गावातल्या बायकांना मी येता-जाता सुनावायची, अंगारे-धुपारे बंद करा म्हणून. आणि काकूनं विचारलं, "सिस्टर, तुमी काय देता?" तर मी पिशवीतून नारळ काढून दिला. बाजारातून निवडून, वाजवून आणलेला. माझं डोकं बघा कसं चाललं होतं: आपला तर देवीवर विश्वास नाही, म्हणजे नवसाचा उपयोग होणार नाही, म्हणजे आपल्याला पाप नाही. आणि चुकून उपयोग झालाच, तर डॉक्टर राहतील. दोन्हीकडून माझंच बरं. एवढी हुशार होते मी.

दोन मार्कांनी जागा गेली.

गोदाकाकू स्टीलच्या ताटात खोबरं आणि साखर घेऊन दवाखान्यात आली. मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते, मान वर केली नाही. डॉक्टरांनी ताटाकडं बघितलं.

"प्रसाद कशाचा, मावशी? अ, सप्ता. ब, बारसं. क, कुणाची सोयरीक जुळली. ड, यापैकी न्हाई."

काकूनं ताट ह्या हातातून त्या हातात घेतलं. मग माझ्याकडं बघत म्हणाली, "ड."

डॉक्टरांनी एक तुकडा उचलला, खाल्ला. "गोडय खोबरं," म्हणाले. दुसरा तुकडा दवाखान्याच्या जीपच्या ड्रायव्हरसाठी बाजूला ठेवला. मग कानावरची पेन्सिल काढून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर चार महिन्यांनी मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कापसाची वेचणी चाललेली, गावात दुपारी चिटपाखरू नसायचं. काकू धावत आली ती अनवाणी. आम्ही घरी गेलो. मंगल बाजेवर होती. मी बघितलं. लेकरू आडवं, आणि त्याचा एक हात बाहेर आलेला. तिला सिझरशिवाय उपाय नव्हता, आणि सिझर नांदेडशिवाय नव्हतं.

जीपमध्ये मागं आम्ही चौघं. मंगल, काकू, डॉक्टर, मी. सलाईनची बाटली मी उंच धरून बसले होते. जीप उसळली की ती टपाला लागायची. मंगल आधी ओरडत होती, मग कण्हत होती. डॉक्टर तिच्याशी सारखं बोलत होते. त्या दिवशी पर्याय नव्हते, मिनिटं नव्हती. "आलं बघ नांदेड. ह्या केळीच्या बागा लागल्या, म्हंजे अर्धापूर आलं. अर्धापूर आलं म्हंजे नांदेड आलंच." तिनं त्यांचा हात धरला होता. मी त्या हाताकडं बघत होते आणि मला कनेरगाव नाक्याच्या पलीकडची ती दुसरी बाई दिसत होती, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

अर्धापूरच्या अलीकडं डॉक्टर पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "आता हळू घे."

त्यावरून कळलं. काकूलाही कळलं. ती ओरडली नाही. मंगलच्या डोक्यावरचा पदर नीट करत बसली. मी बाटली तशीच वर धरून ठेवली होती. डॉक्टरांनी माझा दंड धरून खाली केली.

गावात परत आलो तेव्हा मरीमायच्या ओट्यासमोर माणसं जमलेली. जीपमधून उतरल्यावर काकूनं डॉक्टरांच्या शर्टाची बाही धरली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा.

"डाक्टर, तुमच्यापाशी ब्लेड होतं. माझ्या लेकीला काहून न्हाई कापलं तुमी?"

"मला येत न्हाई, मावशी."

"डाक्टर हाव ना तुमी?"

"हाव. पण हे येत न्हाई. हेच शिकायला जायचं होतं."

आम्ही पाचही नारळवाल्या तिथंच उभ्या होतो. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

तेव्हापासून डॉक्टरांनी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. वर्तमानपत्र कोरं राहू लागलं. घड्याळाला किल्ली देणंही त्यांनी सोडलं. पेशंट किती का वेळ बोलेना, ते ऐकत बसायचे, आणि ते मला जास्त भीतीदायक वाटायचं. वयाची अट होती. त्यांना आता एकदाच बसता येणार होतं, आणि फॉर्म भरायची मुदत जवळ येत होती. फॉर्म टेबलाच्या खणात पडलेला. मी तो रोज बघायची, आणि खण लावून टाकायची. बोलायला तोंड कुठं होतं मला?

एके दिवशी गोदाकाकू माझ्याकडं आली. महिनाभर तिनं कुणाशी बोलणं टाकलं होतं.

"सिस्टर, तुमी शिकल्या-सवरल्या हाव. नवस फेडल्यावर देवीनं दिलेलं तिला वापस करता येतं का?"

"काकू, माझ्या धर्मात ह्याला उत्तर न्हाई."

"माझ्या बी न्हाई," ती म्हणाली. आणि उठून थेट डॉक्टरांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. "डाक्टर, फारम भरा."

"कशाला मावशी?"

"माझी गेली. दुसरीची जाऊ नये म्हणून भरा. मी सांगून राहिले, तुमाला विचारून न्हाई राहिले."

खणातून फॉर्म मी काढून दिला. आयुष्यात वेळेवर केलेल्या माझ्या मोजक्या कामांतलं हे एक, आणि तेही दुसरीनं सांगितल्यावर.

मग अडीच महिने काकू रोज दुपारी दवाखान्याच्या पायरीवर काठी आडवी धरून बसायची. सकाळची ओपीडी झाली की दार तिच्या ताब्यात.

"काय झालं रे?"

"खोकला, काकू."

"तुळशीचा काढा पी. चल, नीघ. डाक्टर शिकून राहिलेत."

"काकू, दोन दिवसांचा ताप हाय."

"ताप? हात बघू. हां. सिस्टर, ह्याला तुमी बघा. तिसरा दिवस निघाला तर डाक्टर."

सरपंच पाय मुरगळला म्हणून आला, त्यालाही तिनं परत पाठवलं. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, फेफरं आलेलं लेकरू, यांच्यासाठी काठी बाजूला व्हायची. बाकी गाव तेवढे दिवस मी सांभाळलं. मरीमायच्या ओट्याकडं काकू गेली नाही. या कामात तिला विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आतून पुन्हा घड्याळाची टिकटिक ऐकू येई, आणि रद्दीतले ठ पुन्हा काळे होऊ लागले.

निकाल लागला. डॉक्टरांचं नाव यादीत होतं. गावानं हलगी आणली. पण यादीत नाव येणं म्हणजे पाहिजे ती जागा मिळणं नव्हे, हे आम्हाला नंतर समजलं. मुंबईला एका मोठ्या खोलीत क्रमांकानं नावं पुकारतात, आणि ज्याचा नंबर वर त्यानं आधी जागा निवडायची. आमच्या डॉक्टरांचा नंबर येईपर्यंत बाळंतपणाच्या जागा संपल्या होत्या. उरलेल्यांत होती भुलीची पदविका, म्हणजे ऑपरेशनच्या आधी पेशंटला गुंगी देण्याची.

"मंग?" काकूनं विचारलं.

"घेतली, मावशी."

"भूल दिऊन लेकरू निघतं का?"

"न्हाई. पण भुलीशिवाय कापता बी येत न्हाई. अर्धं काम शिकून येतो. दुसऱ्या अर्ध्याला दुसरा कुणी लागंल." मग म्हणाले, "आणि मावशी, शिकून झाल्यावर मला इथं न्हाई ठेवणार. इथं ऑपरेशनची खोलीच न्हाई. मोठ्या दवाखान्यात टाकतील."

काकूनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "जा," म्हणाली. "जिथं टाकतील तिथल्या लेकींना पण माझ्यासारखी माय असंलच."

ते गेले त्या दिवशी मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी, दोरीनं बांधलेली पुस्तकं. जीपचा ड्रायव्हर सामान उतरवून चहा घ्यायला गेला. एस.टी.ला वेळ होता. मी पुस्तकांची दोरी उगाच पुन्हा आवळली. शेवटी बोलले.

"सर, त्या नारळांत एक माझा होता."

"माहीतय," ते म्हणाले. "प्रसाद यायच्या आधीच ड्रायव्हरनं सगळी नावं सांगितली होती."

"आणि तरी खाल्लात तुमी?"

"काकू ताट धरून उभी होती. न्हाई कसं म्हणणार?" रस्त्याकडं बघत ते पुढं म्हणाले, "चार नावं ऐकून काही वाटलं न्हाई. तुमचं ऐकून नवल वाटलं. म्हणलं, देव न मानणारी बाई नारळ देते, म्हंजे मी गेल्यावर हिचे लई हाल होणार असतील."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. असू द्या म्हणाले असते, तरी चाललं असतं. ते दोन्ही न करता ट्रंक उचलून गाडीत चढले. खिडकीतून सांगितलं ते एवढंच, की स्टोअरमधल्या सलाईनची तारीख बघत जा.

मी परत आले. दवाखान्याच्या पोर्चमध्ये तांड्यावरची एक पोरगी बसली होती, सातवा महिना असेल. शेजारी तिची सासू, दोघींमध्ये भाकरीचं फडकं.

"डाक्टर हायेत का?" सासूनं विचारलं.

"न्हाईत."

"मंग बसतो आमी. येतील की."

बाजाराच्या दिवशी या, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. जुनी सवय. त्याऐवजी मी पोरीला आत घेतलं, बाकावर निजवलं, आणि पोटावर हात ठेवला. घाई न करता ठेवला. डोकं वर नव्हतं, खालीही नव्हतं. लेकरू आडवं होतं.

"अजून दोन महिने हायेत," मी तिला म्हणाले. "फिरतं लेकरू. बहुतेक फिरतंच." आणि मग सासूला, "पण इथं न्हाई थांबायचं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आजच नाव घालायचं, आणि शेवटच्या महिन्यात तिथंच जवळ कुठं तरी राहायचं."

"आज? आमाला तिथलं काय ठाव बाई, कुठं जायचं, कुणाला भेटायचं?"

मी दवाखान्याला कुलूप लावलं. किल्ली गोदाकाकूकडं दिली. आणि त्या दोघींना घेऊन, तीच साडी, तेच धुळीचे पाय, पुन्हा फाट्यावर येऊन नांदेडच्या गाडीसाठी उभी राहिले.